दुखापतींनी घेरलेला बचावपटू (ऑस्ट्रेलियन नियम फुटबॉल)

ऑस्ट्रेलियन नियम फुटबॉलमध्ये बचाव फळीत खेळणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या दुखापतींमुळे, त्यातही गुडघ्याच्या, ज्याची व्यावसायिक कारकीर्द तुकड्यातुकड्यांत विखुरते अशा खेळाडूविषयी ही नोंद आहे. सिडनी स्वान्सचा ॲलेक्स जॉन्सन हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. त्याच्याबरोबर त्याच संघाचा निक माल्सेस्की आणि वेस्टर्न बुलडॉग्जचा माजी कर्णधार बॉब मर्फी यांचाही विचार इथे केला आहे. तिघेही बचावपटू, तिघांच्याही गुडघ्यातले तेच एक लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, फाटले, आणि तिघांच्या वाट्याला आलेले मात्र अगदी वेगळे होते.

हा खेळ मेलबर्नचा. त्याचे पहिले नियम मेलबर्न फुटबॉल क्लबने १८५९ मध्ये लिहून काढले. आज त्याची सर्वोच्च स्पर्धा ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल, १८ क्लबांमध्ये खेळली जाते. क्रिकेटमुळे आपल्या ओळखीची झालेली मेलबर्न आणि सिडनीची मैदाने हिवाळ्यात या खेळाची असतात. एका बाजूला १८ खेळाडू मैदानात, मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. चेंडू लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलायचा, फेकायला बंदी. मधल्या दोन खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू गेला की सहा गुण, त्याच्या शेजारून गेला तर एक. ऑफसाइड नाही, म्हणून प्रतिस्पर्धी कुठूनही धावत येऊ शकतो. वीस-वीस मिनिटांचे चार भाग आणि खेळ थांबला तेवढी वाढीव वेळ एवढ्यात खेळाडू बारा-बारा किलोमीटर धावतो.

किमान १५ मीटर दूरवरून लाथेने मारलेला चेंडू हवेतच स्वच्छ झेलला तर त्याला ‘मार्क’ म्हणतात. मार्क घेणाऱ्याला कोणी अडवायचे नाही, त्याने निवांत गोल मारावा. म्हणून आक्रमकाने मार्क घेऊ नये हेच बचावपटूचे पहिले काम. तो मागून झेपावतो आणि मूठ पुढे घालून चेंडू उडवून लावतो. याला ‘स्पॉइल’ म्हणतात. चांगल्या स्पॉइलनंतर धावफलकावर काहीच दिसत नाही. न झालेला गोल कुठे लिहिला जात नाही.

या कामात गुडघ्यासाठी धोका कुठे आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. कुठे धावायचे, कधी वळायचे हे आक्रमक ठरवतो. बचावपटूला ते क्षणभर उशिरा कळते आणि तेवढ्यात त्याला आपले सगळे वजन एका पायावर घेऊन दिशा बदलावी लागते. आधी ठाऊक असलेल्या वळणापेक्षा ऐन वेळी घ्याव्या लागलेल्या वळणात गुडघ्यावर बराच जास्त ताण येतो, हे पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ च्या सुमारास मोजून दाखवले. कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या हुलकावणीला फसून पाय मुरगळलेला पकडपटू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्यात भर म्हणजे उडी. नजर चेंडूवर, शरीर हवेत कुणाला तरी घासलेले, आणि जमिनीवर उतरताना पाय कसा पडेल यावर ताबा नाही.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत दोन लिगामेंट फुलीसारखी बांधून ठेवतात. त्यांतले पुढचे म्हणजे एसीएल. ते नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पिळवटू देत नाही. ते फाटण्यासाठी धक्का लागायलाच हवा असे नाही. बहुतेकदा आसपास कोणी नसतानाच ते जाते. पूर्ण फाटलेले एसीएल टाके घालून सहसा नीट जुळत नाही. म्हणून मांडीमागच्या स्नायूची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा काढून, हाडांत बोगदे पाडून, तिचे कलम तिथे बसवतात. कलम हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. शरीर त्या कंडरेला आधी मरू देते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या घालून हळूहळू तिचे लिगामेंट बनवते. पहिल्या काही आठवड्यांनंतर सूज उतरते, खेळाडूला बरे वाटू लागते, आणि नेमके तेव्हाच कलम सर्वांत कमकुवत असते. मैदानात परतायला साधारण नऊ ते बारा महिने लागतात. ते कलम पुन्हा फाटले की काम अवघड होते: जुने बोगदे आडवे येतात, त्याच पायाची कंडरा आधीच वापरून झालेली असते, ती दुसऱ्या पायातून घ्यावी लागते. एकदा एसीएल गेलेल्या तरुण खेळाडूला दुसऱ्या गुडघ्याचाही धोका वाढतो.

एएफएलचे एक वैशिष्ट्य नोंदवायलाच हवे. कोणत्या हंगामात किती खेळाडूंना काय दुखापत झाली आणि त्यांचे किती सामने बुडाले याचा हिशेब ही लीग १९९२ पासून ठेवते आणि जाहीरही करते. क्रीडावैद्य डॉ. जॉन ऑर्चर्ड यांचा त्यात मोठा वाटा. या आकड्यांतून मांडीमागच्या स्नायूची दुखापत सर्वाधिक होते हे दिसले, तसेच मैदानावरच्या गवताच्या जातीचा आणि जमिनीच्या कडकपणाचा एसीएलशी संबंध असावा हेही पुढे आले. मध्यवर्तुळात चेंडूसाठी लांबून पळत येऊन एकमेकांवर उडी घेणाऱ्या उंच रकमन खेळाडूंच्या गुडघ्यांचे मागचे लिगामेंट फाटत होते. २००५ मध्ये १० मीटरचे बाहेरचे वर्तुळ आखून ती धाव आखूड केल्यावर त्या दुखापती कमी झाल्या. बचावपटूच्या एसीएलसाठी असे वर्तुळ कुठे आखता येईल?

निक माल्सेस्की हा अर्ध्या फळीतून, म्हणजे बचाव आणि मैदानाचा मध्य यांच्यामधल्या ओळीतून, पुढे धावत जाणारा, डाव्या पायाची सुंदर लाथ असलेला बचावपटू. २००८ मध्ये एसीएल फाटल्यावर त्याने कंडरेच्या कलमाऐवजी लार्स नावाचे पॉलिस्टरच्या धाग्यांचे कृत्रिम लिगामेंट बसवून घेतले. कलम रुजण्याची वाट पाहावी लागत नसल्याने तो त्याच हंगामात परतला आणि सगळ्या लीगचे लक्ष या शस्त्रक्रियेकडे वेधले गेले. ते धागे सांध्यात झिजतात, त्याने सांध्याला सूज येते अशा शंका पुढे बळावल्या आणि तो उत्साह ओसरला. माल्सेस्कीपुरते मात्र ते फळले. २०१४ मध्ये त्याची ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात, निवड झाली.

ॲलेक्स जॉन्सनचा जन्म १९९२ चा. मेलबर्नच्या ओकली चार्जर्स या तरुणांच्या संघातून २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, सिडनीने त्याला घेतले. ड्राफ्टमध्ये कोणत्या शहरात जायचे हे खेळाडूच्या हातात नसते. अठरा वर्षांच्या मुलाने आईवडिलांचे घर सोडून जायचे, एवढेच. २०११ मध्ये त्याने पदार्पण केले आणि पाहता पाहता बचाव फळीतली जागा पक्की केली. टेड रिचर्ड्स, हीथ ग्रंडी, राइस शॉ, निक स्मिथ आणि माल्सेस्की यांच्या त्या फळीत तो सर्वांत लहान होता.

२९ सप्टेंबर २०१२. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर हॉथॉर्नविरुद्ध अंतिम सामना. सिडनीने ९१-८१ असा, म्हणजे १० गुणांनी, जिंकला. गुणांची फोड पाहिली की बचाव फळीचे काम डोळ्यांत भरते. सिडनीचे १४ गोल आणि सात एकेरी गुण. हॉथॉर्नचे ११ गोल आणि १५ एकेरी. हॉथॉर्नने चेंडू जास्त वेळा खांबांपर्यंत नेला, पण प्रत्येक वेळी कोणीतरी अंगावर होते, म्हणून नेम चुकत राहिला. माझ्या मते तो सामना सिडनीच्या मागच्या सहा जणांनी जिंकला. गुडघ्याचे मागचे लिगामेंट दुखावलेले असतानाही सिडनीचा ॲडम गुड्स खेळत राहिला आणि त्याने शेवटच्या भागात गोल केला. शेवटच्या मिनिटातला, सामना हातात आणून देणारा गोल माल्सेस्कीचा होता: त्या गुडघ्यांनी काय काय सोसले होते! जॉन्सन तेव्हा वीस वर्षांचा होता आणि त्याच्या गळ्यात विजेतेपदाचे पदक होते.

२०१३ चा हंगाम सुरू होण्याआधीच्या सराव स्पर्धेत त्याच्या डाव्या गुडघ्याचे एसीएल फाटले. पुनर्रचनेची शस्त्रक्रिया झाली. कलम फाटले, पुन्हा शस्त्रक्रिया झाली. तेही टिकले नाही. असे करत एकाच गुडघ्यावर पाच पुनर्रचना झाल्या आणि एकूण शस्त्रक्रियांचा आकडा बारावर गेला. प्रत्येक वेळी तीच पायरी पहिली असते: पलंगावर पडून मांडीचा स्नायू आवळायचा. मग कुबड्या, मग सायकल, मग सरळ रेषेत धावणे, मग वळणे, आणि शेवटी दुसऱ्याच्या अंगावर झेपावणे. या खेळात ‘पुन्हा उभा राहिला’ असे सहज म्हटले जाते. जॉन्सनच्या बाबतीत त्याचा अर्थ ही सगळी शिडी पाच वेळा तळापासून चढणे असा आहे. या वर्षांत स्वान्स दोनदा, २०१४ आणि २०१६ मध्ये, अंतिम सामन्यात पोहोचले आणि दोन्ही वेळा हरले. तो बाहेर बसून पाहत होता. क्लबने त्याचा हात सोडला नाही, हे क्लबच्याही श्रेयाचे आहे; व्यावसायिक खेळात खेळाडूंच्या यादीतली प्रत्येक जागा पैशांत मोजली जाते.

२०१८ मध्ये तो स्वान्सच्या दुय्यम संघाकडून नियमित खेळू लागला. ४ ऑगस्ट २०१८ रोजी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर कॉलिंगवूडविरुद्ध त्याला मुख्य संघात घेतले गेले. २०१२ च्या त्या अंतिम सामन्यानंतर पाच वर्षे, दहा महिने आणि सहा दिवसांनी. तो पूर्ण सामना खेळला, सिडनी थोडक्यात जिंकली. वय सव्वीस. बचावपटूसाठी हे ऐन उमेदीचे वय; उंच बचावपटू तिशीतही उत्तम खेळतात. त्या रात्री ज्यांनी हा सामना पाहिला त्यांना पुढची पाच-सहा वर्षे दिसू लागली असतील, तर त्यात त्यांचे काही चुकले नाही.

आठ दिवसांनी, १२ ऑगस्टला, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर मेलबर्नविरुद्धच्या सामन्यात तो पुन्हा कोसळला. या वेळी उजवा गुडघा. पाच पुनर्रचना झालेला डावा गुडघा त्या वेळी शाबूत होता. हा त्याचा सहावा एसीएल. त्याच वर्षाअखेर तो क्लबच्या यादीतून बाहेर पडला आणि त्याची एएफएल कारकीर्द पन्नास सामन्यांच्या आतच संपली. नोंदवहीत त्याच्या नावापुढे २०११, २०१२ आणि एकदम २०१८ अशा ओळी आहेत.

ही नोंदवही खेळाडूला न्याय देत नाही, असे मला वाटते. खेळलेले सामने, घेतलेले मार्क, मारलेल्या लाथा एवढेच ती मोजते. व्यायामशाळेत आणि वैद्यांच्या टेबलावर गेलेली वर्षे तिच्यात शून्य भरतात. बचावपटूच्या बाबतीत हा अन्याय दुहेरी होतो. जिलाँगचा डॅनियल मेन्झेल चार पुनर्रचनांनंतर २०१५ मध्ये परतला, पण तो आक्रमक. त्याने मारलेला प्रत्येक गोल त्याचे परत येणे जाहीर करत होता. जॉन्सनने अडवलेल्या गोलांची यादी कुणापाशी नाही.

विजेतेपदाच्या पदकाचा नियमही असाच कठोर आहे. अंतिम सामन्याच्या दिवशी जे संघात असतात, पदक त्यांनाच मिळते. वर्षभर खेळून शेवटच्या आठवड्यात जखमी झालेल्याला मिळत नाही. जॉन्सन याबाबतीत नशीबवान: त्याचे पदक दुखापतीच्या आधीचे. बॉब मर्फीचे उलट झाले. वेस्टर्न बुलडॉग्ज हा मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या कामगार वस्तीचा क्लब. १९५४ नंतर त्यांनी विजेतेपद पाहिले नव्हते. मर्फी त्यांचा अर्ध्या फळीतला बचावपटू, कर्णधार आणि सगळ्यांचा लाडका. २००६ मध्ये त्याचे एसीएल एकदा गेले होते, त्यातून तो सावरला. एप्रिल २०१६ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, हॉथॉर्नविरुद्धच्या सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत ते पुन्हा गेले. आणि नेमक्या त्याच वर्षी बुलडॉग्ज अंतिम सामन्यात पोहोचले.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांनी सिडनीला २२ गुणांनी हरवले. मर्फीच्या जागी कर्णधारपद सांभाळणारा ईस्टन वुड हाही बचावपटूच. बक्षीस समारंभात प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांना विजेत्या प्रशिक्षकाचे जॉक मॅकहेल पदक देण्यात आले. त्यांनी मर्फीला मंचावर बोलावले, आपल्या गळ्यातले पदक काढले आणि त्याच्या गळ्यात घातले. मर्फीचे डोळे भरलेले. त्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करून तो २०१७ मध्ये परत आला आणि आणखी एक हंगाम खेळून निवृत्त झाला. पदक त्याने बेव्हरिज यांना परत केले.