फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे, मग सनस्क्रीन कशाला?

लोकलच्या लेडीज डब्यात हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं: "माझ्या फाउंडेशनमध्येच एसपीएफ ३० आहे गं, वेगळं सनस्क्रीन कशाला?"

तेवढ्याने भागत नाही. एसपीएफ म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा, आणि तो ठरतो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर लावून. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन भरगच्च रेघा काढा, साधारण तेवढं होतं. एवढं फाउंडेशन कोणी थापलं तर चेहरा नुकत्याच रंगवलेल्या भिंतीसारखा दिसेल! आपण घेतो वाटाण्याएवढं. संरक्षणही त्या मानाने घटतं.

म्हणून सकाळी आधी सनस्क्रीन. ते मुरलं की फाउंडेशन, तेही डाग असतील तिथेच, बोटाने थोपटून. चोळलंत तर खालचा थर निघतो. दादरला उतरेपर्यंत घाम येणारच. तो टिपायचा, पुसायचा नाही.

संध्याकाळच्या लग्नाला मात्र उलटा हिशोब. ऊन नाही, एसपीएफचं कामच नाही. उलट एसपीएफवाल्या फाउंडेशनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड (ऊन अडवणारी पांढरी पूड) असेल तर ते फ्लॅशचा उजेड परतवतं, आणि स्टेजवरच्या फोटोत नवरी छान, तुमचा चेहरा तेवढा पिठात बुडवल्यासारखा.