निबंधाला दहापैकी नऊ मिळाले, पण लिहायला आलं का?

दहावीच्या निकालाचे तीन आकडे आधी बघा. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के, २०१९ ला ७७.१० टक्के आणि २०२० ला ९५.३० टक्के. आता एका वर्षात राज्यभरातली पोरं एकदम कच्ची झाली आणि पुढच्याच वर्षी एकदम हुशार झाली असं तर होत नाही ना. झालं असं की २०१९ ला भाषा विषयांचे शाळेच्या हातातले २० मार्क काढून टाकले होते, त्यात अभ्यासक्रमही नवीन होता, निकाल धाडकन खाली आला, पालक आणि शाळांनी ओरड केली आणि पुढच्या वर्षी ते २० मार्क परत आले. २०२० ला लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने मार्क दिले गेले, त्याचाही थोडा वाटा असणार. पण मुद्दा हा की मुलं तशीच, शिक्षक तेच, आणि मोजायची पद्धत बदलली की आकडा बारा-अठरा टक्क्यांनी इकडेतिकडे. मग ह्या आकड्यातून आपल्याला मुलांच्या भाषेबद्दल नेमकं काय कळतं?

मी संध्याकाळी आमच्या पंचवटीतल्या सातवी-आठवीच्या काही मुलांचं मराठी घेते, त्यामुळे वेगवेगळ्या शाळांच्या तपासलेल्या वह्या हातात येतात. विषय बहुतेक ठरलेले, त्यात 'मी गोदावरी बोलतेय' हा तर नाशिकचा हमखास विषय. एका मुलीच्या वहीत असं होतं, 'मी दक्षिणेची गंगा. ब्रह्मगिरी पर्वतावर माझा उगम झाला. हे मानवा, तू मला प्रदूषित केलेस.' अक्षर मोत्यासारखं, सगळं गाईडमधलं, दहापैकी नऊ. दुसऱ्या वहीत एका मुलानं लिहिलं होतं, त्याच्या घरच्यांची गोदाकाठी रामकुंडाजवळ टपरी आहे, 'पाणी सोडलं की पोलिस शिट्या मारतात पप्पा गॅस आणि भांडी पहिले उचलतात सगळे पळतात पण मी पळत नाही कारण मीच पाणी आहे.' कुठे स्वल्पविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, परिच्छेद एकच, मध्येच नदी बोलते आणि मध्येच मुलगा स्वतः बोलतो. त्यालाही दहापैकी नऊ, आणि खाली लाल पेनाने 'छान'.

मला ह्याचंच वाईट वाटतं. पहिल्या मुलीला कुणी सांगितलं नाही की बाळा ह्यात तुझं काहीच नाहीये, आणि दुसऱ्याला कुणी सांगितलं नाही की 'मीच पाणी आहे' हे वाक्य किती भारी आहे आणि ते वाचणाऱ्यापर्यंत पोचायला त्याच्या आधी एक पूर्णविराम हवा. दोघांना नऊ मार्क मिळाले आणि दोघांना काहीच कळलं नाही.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की अख्खं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून एकच विचारतं, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? कमरेपर्यंत, छातीपर्यंत, एवढ्यावर माणसं दुकानं हलवायची का नाही ठरवतात. हे चालतं कारण मारुती जागचा हलत नाही. पाण्याबरोबर मूर्तीही वर सरकत गेली असती तर कितीही पूर आला तरी उत्तर 'गुडघ्यापर्यंत' हेच आलं असतं. सढळ हाताने मार्क देणं म्हणजे मूर्ती वर सरकवणं, मूल जसं असेल तसं आपण माप हलवतो.

आता कुणी म्हणेल की मग कडक तपासा, सोपं आहे. तर ते सोपं नाहीये, कारण लिखाण तपासणं हे मुळातच फार डळमळीत काम आहे आणि हे सव्वाशेहून जास्त वर्षांपासून माहिती आहे. १८८८ साली फ्रान्सिस एजवर्थ ह्या संख्याशास्त्रज्ञाने लॅटिनमधला एकच गद्य उतारा २८ जाणकार परीक्षकांकडून तपासून आलेले मार्क मांडले होते, ते ४५ पासून १०० पर्यंत होते. मग १९१२ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी हायस्कूलचा इंग्रजीचा एकच पेपर वेगवेगळ्या शाळांच्या शिक्षकांकडे पाठवला, १४२ जणांनी तपासून दिला, आणि मार्क ६४ ते ९८. दुसऱ्या पेपरला ५० ते ९७. म्हणजे तोच पेपर, तेच शब्द, एकाकडे काठावर आणि दुसऱ्याकडे मेरिटमध्ये.

१९६१ चा पॉल डिडरिच आणि त्याच्या सहकाऱ्यांचा अभ्यास तर मला सगळ्यात जास्त आवडतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे ३०० निबंध, तपासणारे ५३ जण, त्यात शिक्षक तर होतेच पण वकील, संपादक, व्यावसायिक पण होते. नऊ श्रेणींपैकी एक द्यायची, बाकी काही नियम सांगितले नाहीत. ९४ टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊच्या नऊ वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या, आणि पाचपेक्षा कमी श्रेणी मिळाल्या असा एकही निबंध नव्हता. पण डिडरिच तिथे थांबला नाही. कोण कशामुळे मार्क देतोय हे त्याने बघितलं तर माणसांचे गट पडले, कुणी विचार बघत होता, कुणी मांडणी, कुणी शुद्धलेखन, कुणी शब्दांची निवड, आणि कुणी लिहिणाऱ्याची स्वतःची शैली. म्हणजे ते चुकीचं तपासत नव्हते, प्रत्येक जण वेगळीच गोष्ट तपासत होता.

हे समजलं की शिक्षकांना दोष द्यायची इच्छाच होत नाही. एका वर्गात साठ-पासष्ट मुलं, तीन-चार तुकड्या, घटक चाचणीचे गठ्ठे, त्यात अर्धा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. गणितात उत्तर चुकलं की ते चूकच, तिथे पालकही वाद घालत नाहीत. निबंधाला उत्तरसूची नसते, सहा का दिले आणि सात का नाही हे सिद्ध करता येत नाही, मग मान मोडून वाद घालण्यापेक्षा आठ-नऊ देऊन मोकळं होणं हे कुणालाही सोपं वाटणारच. शाळेला शंभर टक्के निकाल हवा, पालकांना नव्वदच्या वर हवे आणि क्लासवाल्यांना चौकातल्या फ्लेक्सवर लावायला फोटो हवे. ह्यात एकट्या शिक्षकानं खरे मार्क द्यायचे तर त्याच्या मागे उभं राहायला कुणीतरी पाहिजे.

मग सैल मार्कांनी खरंच नुकसान होतं का, की ही नुसती जुन्या लोकांची कुरकूर? ह्यावर बरंच मोजमाप झालंय. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या वर्गांचा डेटा घेऊन फिलिप बॅबकॉक यांनी २०१० मध्ये दाखवलं की ज्या वर्गात मुलांना सरासरी 'ए' मिळेल असं वाटतं तिथला अभ्यासाचा वेळ, तोच कोर्स तोच शिक्षक शिकवत असताना सरासरी 'सी' ची अपेक्षा असलेल्या वर्गापेक्षा जवळपास निम्मा होतो. मुलं मूर्ख नसतात, किती केल्यावर पुरतं हे त्यांना बरोबर कळतं आणि तेवढंच करतात.

लहान मुलांचं बघायचं तर डेव्हिड फिग्लिओ आणि मॉरिस लुकास यांचा २००४ चा अभ्यास आहे, फ्लोरिडातल्या एका काउंटीच्या प्राथमिक शाळांचा. त्यांनी शिक्षक किती कडक हे असं मोजलं की शिक्षकाने दिलेली श्रेणी आणि त्याच मुलाचे बाहेरच्या समान परीक्षेतले मार्क शेजारी ठेवायचे. कडक शिक्षकांकडची मुलं पुढे जास्त शिकली. आणि गंमत अशी की कडक शिक्षक असला की घरी आईबाप गृहपाठाला जास्त वेळ देत होते, पण त्याच आईबापांना तो शिक्षक काही जास्त चांगला वाटत नव्हता. हे वाचताना मला आपली पालक सभाच डोळ्यासमोर आली. २०२० मध्ये सेथ गर्शेन्सन यांनी नॉर्थ कॅरोलायनात आठवी-नववीच्या बीजगणितावर असंच काम केलं, तिथेही कडक तपासणाऱ्यांची मुलं पुढच्या गणितात सुद्धा वरचढ राहिली. हे गणिताचं आहे, निबंधाचं नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण मला वाटतं लिखाणात हा परिणाम कमी असायचं काही कारण नाही, कारण लिखाणात मुलाला स्वतःची चूक स्वतः दिसतच नाही, गणितात ताळा तरी करता येतो.

दुसरी बाजू पण आहे आणि ती लपवायला नको. ज्युलियन बेट्स आणि जेफ ग्रॉगर यांनी २००३ मध्ये अमेरिकन हायस्कूलचा डेटा बघितला, तिथे कडक मार्कांनी परीक्षेतली कामगिरी सुधारली पण त्याचा जास्त फायदा वरच्या मुलांना झाला, आणि कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांमध्ये शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण उलट घसरलं. म्हणजे नुसते मार्क कापले आणि हात झटकले तर आधीच काठावर असलेलं पोर बाहेर पडतं. आपल्याकडे पेठ, सुरगाण्याच्या पाड्यावरचं मूल घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतं आणि शाळेत पुस्तकी मराठीत लिहितं, त्याच्या 'चुका' मोजून त्याला चार मार्क देणं ह्याला मी दर्जा म्हणणार नाही.

म्हणून मार्क किती ह्यापेक्षा मार्काबरोबर काय जातं हे महत्त्वाचं. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर प्रयोग केला. काहींना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं आणि त्यांची आवडही टिकली. फक्त मार्कवाल्यांचं नाही, आणि दोन्ही मिळालेल्यांचं पण नाही! मार्क दिसला की मूल शेरा वाचतच नाही, शेजारच्याला किती पडले ते बघतं. आपल्या घरात पण हेच होतं, वही आली की आधी आकडा.

आता कुणी म्हणेल आपल्याकडे शेरे आहेतच की, वर्णनात्मक नोंदी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्यातूनच सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्यामागचा विचार चांगलाच होता, की वर्षातून एकदा परीक्षा घेऊन मुलाला घाबरवण्यापेक्षा रोज बघा आणि लिहून ठेवा. पण शिक्षकांना वेळ आणि प्रशिक्षण मिळालं नाही, आणि झालं काय तर तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरायला लागल्या. 'स्वतःचे अनुभव स्वतःच्या शब्दात सांगतो.' 'उपक्रमात उत्स्फूर्तपणे सहभागी होतो.' एका वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पुस्तिकेत हीच वाक्यं. ह्यात मुलाचं नाव खोडून दुसऱ्याचं टाकलं तरी काही फरक पडत नाही, मग ती नोंद कसली. आणि नापास न करण्याच्या धोरणाला शिव्या घालणारे इथे गल्लत करतात, मुलाला वरच्या वर्गात घालणं वेगळं आणि त्याला येतं असं खोटं सांगणं वेगळं. पहिलं मला मान्य आहे, दुसरं नाही.

गाईडमधला निबंध नऊ मार्क का खेचतो ह्याचं पण उत्तर मिळतं. कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डमालिया ह्या कॅनडातल्या संशोधकांनी १९८७ मध्ये मांडलं की नवशिक्या लिहिणारा विषय बघतो, डोक्यात जे येईल ते एकामागून एक ओततो आणि संपलं की थांबतो. कसलेला माणूस लिहिता लिहिता विचार बदलतो, खोडतो, परत मांडतो. दुसरं जमायला मेंदूत जागा लागते, आणि ज्या मुलाचं अर्ध लक्ष वेलांटी पहिली का दुसरी ह्यात अडकलंय त्याला ती जागा उरतच नाही. पाठांतर ही त्यातून पळवाट आहे. पळवाटेला नऊ मिळाले तर मूल मुख्य रस्त्यावर कशाला येईल.

ह्यावर करता येण्यासारखं आहे आणि त्याला पैसे फारसे लागत नाहीत. १९२७ मध्ये लुई थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की माणूस एखादी गोष्ट सुटी ठेवून तिला आकडा देण्यात कच्चा असतो, पण दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर ह्यातली सरस कोणती हे बऱ्यापैकी नीट सांगतो. ह्याच तत्त्वावर इंग्लंडमध्ये आता बऱ्याच शाळा मुलांचं लिखाण तपासतात. नाव झाकलेले दोन निबंध समोर, जास्त चांगला कोणता तेवढंच सांगायचं, पुढची जोडी. वेगवेगळ्या शिक्षकांनी अशा भरपूर जोड्या बघितल्या की हिशोब करून सगळ्या निबंधांची एक क्रमवारी निघते, आणि ती एकट्यादुकट्याने दिलेल्या मार्कांपेक्षा जास्त भरवशाची असते. सिडकोतली एक शाळा, देवळालीची एक आणि दिंडोरीची एक अशा तीन शाळांनी आठवीचे निबंध एकत्र केले तर प्रत्येक शिक्षकाला पहिल्यांदा कळेल की आपला 'नऊ' दुसरीकडे कुठे बसतो. दहावीला नियामक असतात, ते परीक्षकांचे गठ्ठे परत बघतात, म्हणजे एकमेकांचं तपासणं पडताळायची सवय आपल्याला आहेच, फक्त ती शेवटच्या वर्षीच येते आणि तोवर उशीर झालेला असतो.

आणि मग शेरा. त्या टपरीवाल्या मुलाच्या वहीवर मी असं लिहिलं, 'शेवटचं वाक्य फार आवडलं. पप्पा भांडी उचलतात तिथपर्यंत कोण बोलतंय, तू का नदी? एकच ठरव आणि तेवढा भाग परत लिही.' त्याने परत लिहिलं, नदीच बोलत होती ह्या वेळी, 'टपरीवाला गॅस उचलतो आणि माझ्याकडे रागाने बघतो.' पूर्णविरामासकट. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतंच आहे, ते पुढच्या वेळी. एका मुलाच्या एका परिच्छेदाला मला दहा मिनिटं लागली. साठ मुलांच्या वर्गाला दहा तास, आणि भाषेच्या शिक्षकाच्या वेळापत्रकात हे दहा तास कुठल्या कामाच्या जागी बसवायचे हे मुख्याध्यापकांनी जूनमध्येच ठरवायला हवं.