म्हाताऱ्याच्या पावसात जगलेली पिल्लं

माझ्या गच्चीवरचा पहिला मॅमिलेरिया, म्हणजे गुच्छानं वाढणारा छोटा कॅक्टस, गेला तो म्हाताऱ्याच्या पावसात. तरणा पाऊस त्यानं सोसला होता. पुष्य नक्षत्र लागलं, आठवडाभर ऊन दिसलं नाही, आणि एका सकाळी गुच्छाच्या मधोमध बोट लावलं तर ते पिकल्या केळ्यात जावं तसं आत गेलं. कडेची पिल्लं मात्र टणक आणि हिरवी होती. ती सोडवून घेतली. आज माझ्याकडे आहेत त्या सगळ्या कुंड्या त्या पिल्लांच्याच.

मॅमिलेरिया ग्रॅसिलिस हे त्याचं नाव. एकेक खोड शिंप्याच्या अंगुस्तानाएवढं, त्यावर पांढऱ्या काट्यांची जाळी. मूळचा मध्य मेक्सिकोतल्या खडकाळ, कोरड्या डोंगरांवरचा. आपल्या बांधावरचा शेर दिसायला त्याचा भाऊबंद वाटतो, पण त्याचं कूळच वेगळं. कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या छोट्या ठिपक्यातून उगवतात. शेराला तो ठिपका नसतो.

कोल्हापुरात हा मरतो तो त्याच्या काटकसरीमुळे. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेनं बरंच पाणी गमावतात. कॅक्टस ही दारं रात्री, हवा गार झाल्यावर उघडतो. आत घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवतो आणि दिवसा दारं बंद ठेवून, उन्हाच्या मदतीनं त्याची साखर करतो. मेक्सिकोत या युक्तीवर त्याचा जीव तगतो. पण कुंडीत? शेवंतीची कुंडी भिजली तर झाड दोन दिवसांत पाणी ओढून माती हलकी करतं. हा ओढतच नाही. माती भिजलेलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात. मग पिथियमसारख्या बुरशीवर्गीय जीवांचं फावतं. त्यांचे बीजाणू मातीतल्या पाण्यात चक्क पोहतात. आपल्याकडच्या आलं पिकवणाऱ्यांना कंदकुजीतून पिथियम चांगलाच माहीत आहे.

म्हणून माझा सगळा जोर मातीवर असतो. काळी माती अजिबात नको. ती पाणी धरते आणि सुकली की आवळते. दोन भाग विटांचा भरड चुरा, एक भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग चाळलेलं गांडूळखत. पंचगंगेकाठच्या वीटभट्ट्यांवर तुकडा-विटा सहज मिळतात. त्या फोडून पीठ चाळून टाकायचं, हरभऱ्याएवढे खडे ठेवायचे. कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालायची आपली जुनी सवय इथे कामाची नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या थरात सहजी उतरत नाही, वरच्या वर अडकून राहतं. मिश्रणच वरपासून खालपर्यंत भरड हवं.

कुंडी मातीची, रंग न दिलेली. माठ ज्या छिद्रांमुळे पाणी गार करतो, त्याच छिद्रांतून कुंडी कोरडी होते. कुंभार गल्लीत मिळणारी पसरट कुंडी मला सर्वांत आवडते. गुच्छ आडवा वाढतो, त्याला खोली लागत नाही. मात्र झाडापेक्षा फार मोठी घेऊ नका, उरलेली माती उगाच ओली राहते.

शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. मिरगाच्या आधीच कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली न्यायच्या, पागोळ्यांपासून लांब, वारा खेळेल अशा. पाणी जवळपास बंदच. घरात अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊ नका. उजेड कमी पडला की शेंडे फिकट होऊन लांबतात आणि ती बेढब मान पुन्हा भरत नाही.

पिल्लं आईला अगदी बारीक देठानं जोडलेली असतात, धक्क्यानंही गळतात. उतारावर गळून घरंगळायचं आणि थांबेल तिथे मूळ धरायचं, असा हा पसारा वाढतो. गुच्छ दाट झाला की मधे हवा फिरत नाही, कूज तिथूनच सुरू होते. पिठ्या ढेकूणही त्याच खाचांत कापसासारखा लपतो; स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीनं टिपून काढावा. दर फेब्रुवारीत मी काही पिल्लं काढतो, चार-पाच दिवस सावलीत जखम सुकू देतो आणि कोरड्या मिश्रणावर नुसती टेकवतो. पाणी आठवड्यानंतर, तेही थोडं. एक कुंडी शेजारच्या काकूंकडे असते, माझी गेली तर तिथून परत आणता येते.