प्रसूतीनंतरचे नैराश्य आणि संप्रेरके : पार्श्वभूमी

बाळंतीण स्त्रीच्या मनोविकारांचा प्रजननसंस्थेशी संबंध असावा, हे संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) शोध लागण्यापूर्वीच डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ लुई-व्हिक्टर मार्से यांनी गरोदर, बाळंतीण आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मानसिक आजारांवर 1858 मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे पाळीपूर्वीच्या मानसिक त्रासाबद्दल रॉबर्ट फ्रँक यांनी 1931 मध्ये अंडाशयाच्या संप्रेरकाचे आधिक्य, तर कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी 1953 मध्ये प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकाची कमतरता, अशी कारणे सुचवली.

दोन्ही बाजूंचा भर संप्रेरकांच्या प्रमाणावर होता. प्रत्यक्षात त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातील पातळ्यांत ठोस फरक सापडेना. रक्ततपासणी 'नॉर्मल' आली म्हणजे त्रास नाही, असे मानणे म्हणूनच चुकीचे आणि त्या स्त्रीवर अन्याय करणारे आहे.

या कोड्याची उकल मुख्यतः अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत झाली. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गरोदरपण आणि प्रसूतीतील संप्रेरकांच्या चढउताराची नक्कल करण्यासाठी गरोदर नसलेल्या 16 स्त्रियांच्या अंडाशयाचे कार्य औषधाने थांबवून त्यांना आठ आठवडे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन भरपूर मात्रेत देण्यात आले आणि मग, नेमके केव्हा ते त्यांना कळू न देता, दोन्ही बंद करण्यात आली. पूर्वी प्रसूतीनंतर नैराश्य आलेल्या आठपैकी पाच जणींची मनःस्थिती लक्षणीय बिघडली. ज्यांना तसा आजार कधीच झाला नव्हता, त्या आठजणींपैकी एकीचीही नाही. संप्रेरकांची घसरण सर्वांच्या वाट्याला सारखीच आली होती, वेगळा होता तो मेंदूचा प्रतिसाद.

पुढे लक्ष ॲलोप्रेग्नॅनोलोनकडे वळले. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारे हे द्रव्य मेंदूची उत्तेजना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या ग्राहकांवर (रिसेप्टर्सवर) काम करते आणि प्रसूतीनंतर झपाट्याने घटते. त्यावर आधारित ब्रेक्सॅनोलोन या औषधाला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली, पण ते रुग्णालयात सलग 60 तास शिरेतून द्यावे लागे. 2023 मध्ये मान्य झालेले झुरॅनोलोन चौदा दिवस घरी तोंडाने घेता येते.

ही जैविक बाजू झाली. गोव्यातील जिल्हा रुग्णालयात नोंदवलेल्या मातांच्या 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के जणींमध्ये नैराश्य आढळले, आणि त्याच्याशी जोडलेल्या कारणांत गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी यांचा समावेश होता.