सायकल सरळ जातच नाही

डबक्यातून सायकल काढली की पुढच्या कोरड्या रस्त्यावर दोन ओल्या रेघा उमटतात. मागच्या चाकाची बरीचशी सरळ, पुढच्या चाकाची मात्र नागमोडी, पहिलीला पुन्हा पुन्हा छेदत जाणारी. सायकलचा तोल असाच सांभाळला जातो. ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण नकळत हँडल किंचित वळवतो आणि चाकं परत शरीराखाली आणतो. वेग कमी झाला किंवा चढ लागला की हे हेलकावे मोठे होतात. म्हणून हँडल ६० सेंटिमीटरचं असलं तरी सायकलस्वाराला साधारण मीटरभर रुंदी लागते.

त्यात आणखी एक गंमत आहे. उजवीकडे वळायचं तर हँडल आधी क्षणभर डावीकडे जातं. त्याशिवाय शरीर उजवीकडे कलत नाही. आता चाक डावीकडच्या फुटपाथच्या कडेला खेटून चाललंय असं समजा. उजवीकडे निघायला जी इंचभर डावीकडची जागा हवी, नेमकी तीच नाही! ‘जरा कडेने चालवा की’ असं सुनावणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं. शिवाय त्याच कडेला गटारांच्या जाळ्या असतात. त्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने असल्या की बारीक टायर सरळ आत जातं. जाळी आडवी बसवली की प्रश्न मिटतो.

कडेला गाड्या उभ्या असतील तर धोका त्यांच्या दारांचा. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. समोर अचानक दार उघडलं तर ब्रेकवर बोटं जाईपर्यंतच ती आदळते. गाडीच्या दारांना लागूनच सायकलसाठी पांढरा पट्टा रंगवणं म्हणूनच मला फसवणूक वाटते. पट्टा आणि दारं यांच्यात मोकळी जागा सोडायला हवी, किंवा मार्गच उंच कड घालून वेगळा काढायला हवा.

पण सगळे रस्ते वेगळे काढता येत नाहीत. तिथे उपाय उरतो वेगाचा, आणि इथलं गणित थक्क करणारं आहे. समोर कुणी आलं हे कळून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो असं धरू. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरांत पूर्ण थांबते. ताशी ५० ची गाडी त्या एका सेकंदातच १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाच नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तिचा दणकाही पावणेतीन पट. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळता सगळीकडे ३० ची मर्यादा घातली.

नुसत्या पाटीने वेग कमी होत नाही, हेही खरं. चौकाचा कोपरा ऐसपैस गोलाकार असला की चालक वेग न कमी करता वळतो आणि त्याच कडेने सरळ जाणारी सायकल त्याच्या वाटेत येते. वळणाची त्रिज्या चौपट केली की तितक्याच आरामात दुप्पट वेगाने वळता येतं. उलट, कोपरा आवळला की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

सायकली जितक्या जास्त, तितका प्रत्येक सायकलस्वाराचा धोका कमी, असं २००३ मध्ये पीटर जेकबसन यांनी अनेक ठिकाणची आकडेवारी ताडून मांडलं. गर्दीमुळे चालक सावध होतात, की रस्ता सुरक्षित असतो म्हणूनच गर्दी होते, यावर वाद आहे. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये तरी आधी मार्ग आले. २००६ नंतर चारपाच वर्षांत तिथे शंभराहून अधिक किलोमीटरचं सलग, वेगळं जाळं उभं राहिलं आणि सायकलचा वापर कित्येक पटींनी वाढला. त्यासाठीची बरीच जागा रस्त्याकडेच्या पार्किंगमधून काढली होती.