व्यक्तिगत साक्ष (ग्रामीण विदर्भ)

सोयरेसंबंध, शेजार आणि रोजच्या कामातली सोबत यांतून ख्रिस्ती श्रद्धेविषयी बोलण्याची प्रथा. यात व्यासपीठ, पत्रके वा बाजारातील प्रवचन यांचा आधार घेतला जात नाही. विदर्भातील मंडळ्यांत (स्थानिक ख्रिस्ती समुदायांत) तिला ‘साक्ष देणे’ किंवा ‘सुवार्ता सांगणे’ म्हणतात. ‘मैत्रीतून सुवार्ता’ हा शब्दप्रयोग अलीकडचा दिसतो.

संज्ञा : ‘सुवार्ता’ ज्यावरून आला त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चांगली बातमी’. बोलताना नव्या करारातील येशूचरित्राच्या चार पुस्तकांना ‘शुभवर्तमान’ आणि तोंडी सांगण्याला ‘सुवार्ता’ म्हणण्याकडे कल असतो, मात्र हा भेद सर्वत्र काटेकोर नाही. ‘साक्ष’ हा शब्द अधिक बोलका आहे. संस्कृत ‘साक्षिन्’ म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो, आणि ग्रीक ‘मार्तुस’ हाही मुळात न्यायालयातला साक्षीदारच. खेड्यातल्या माणसाला हा शब्द पंचनामा आणि तारीख-पेशीतून ठाऊक असतो. ऐकीव सांगायचे नाही, आपल्या बाबतीत घडले तेवढेच बोलायचे, ही मर्यादा त्यामुळे शब्दातच येते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूला भेटलेला अंद्रिया ते सांगायला सर्वांआधी आपला भाऊ शिमोन याला गाठतो. येशूविषयी नथनेल शंका काढतो तेव्हा शिष्य फिलिप्प वाद घालत नाही, ‘येऊन पाहा’ एवढेच म्हणतो. मंडळ्यांतून हे दोन दाखले सर्वाधिक दिले जातात.

उगम : याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ही पद्धत विसाव्या शतकातील मिशनशास्त्राची (धर्मप्रसाराच्या अभ्यासाची) देणगी आहे. मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन (१८९७–१९९०) यांचा जन्म तत्कालीन मध्य प्रांतातील दमोहचा, आणि त्यांची सेवाही दीर्घकाळ त्याच प्रांतात झाली. श्रद्धा एकेकट्या माणसामागून नव्हे तर नातेगोत्याच्या वाटेने पसरते, असे त्यांनी १९५५ मध्ये मांडले. या नात्यांना त्यांनी ‘देवाचे पूल’ म्हटले. दुसऱ्या मतानुसार प्रथा आधीची असून नाव तेवढे नंतर मिळाले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण मॅकगॅव्हरन यांनी जे पाहिले ते याच प्रांतातल्या गावांत आधीपासून चालू होते. त्यांच्या विवेचनामुळे जातवार मंडळ्यांना बळ मिळते, हा आक्षेपही वजनदार आहे.

आधीचा पुरावा म्हणून नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) यांचे उदाहरण दिले जाते. सु. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वेने जाताना एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्याने नव्या कराराची प्रत दिली आणि वाचण्याचा आग्रह केला. हा प्रवासी कोण, हे टिळकांना पुढेही कळले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या घटनेला ‘मैत्रीतून सुवार्ता’ म्हणणे मात्र थोडे ओढूनताणून होते, कारण भेट काही तासांचीच होती. खरा दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा. पतीच्या धर्मांतराने घर मोडले, काही वर्षे ताटातूट झाली, आणि एकत्र आल्यावरही सोवळेओवळे लगेच सुटले नाही. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये. जवळच्या नात्यातली साक्ष किती सावकाश आणि किती दुःख सोसून पोचते, हे ‘स्मृतिचित्रे’त जितके उघडपणे आले आहे तितके कोणत्याही मिशन अहवालात येत नाही.

प्रसार : स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) सु. १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांचा भर शाळेवर होता. पुढे वऱ्हाडात अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या भागांत निरनिराळ्या मिशनांची केंद्रे झाली, मेळघाटात कोरकूंमध्ये काम सुरू झाले. दवाखाने आणि वसतिगृहे यांचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. गावोगाव पायी फिरणाऱ्या ‘बायबल बाया’ बायकांशी चुलीपुढे बसून बोलत, आणि या नोंदीच्या दृष्टीने त्यांचे काम अधिक मोलाचे आहे. यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षण संस्था १९८३ मध्ये पुण्यास हलली.

कायदा : विदर्भ मध्य प्रदेशात असताना १९५४ मध्ये मिशनांच्या कामाच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली गेली. तिच्या १९५६ च्या अहवालाने त्या कामावर कठोर टीका केली. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्म ‘प्रसारा’चा हक्क आहे, पण त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. लोभ दाखवून जोडलेले नाते ही साक्ष नव्हेच, असे जाणते पाळकही (मंडळीचे धर्मगुरू) बजावतात, आणि ते योग्यच आहे.

आजचे स्वरूप : कपाशीच्या निंदणात बायका शेजारच्या पाती धरून सरकतात आणि हात चालू असतानाच बोलणे होते. ‘काल तुयाकडं पेटी वाजत होती, काय होतं वं?’ असे कुणी विचारते. ‘पोरगी बरी झाली नं बाई, प्रार्थना ठेवली होती,’ एवढेच उत्तर मिळते. पात संपेपर्यंत विषय बदललेला असतो. पुढच्या घरसभेला विचारणारी दाराशी येऊन बसते किंवा बसत नाही, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी निंदणाला सोबत जाणे चालूच राहते.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत एकाच भावकीत बौद्ध, हिंदू आणि ख्रिस्ती घरे आढळतात. दिवाळीचा फराळ ख्रिस्ती घरी येतो, नाताळच्या करंज्या परत जातात. मयतीला मात्र सगळी भावकी दफनभूमीपर्यंत येते. तिथे पाळक वाचन करतात, मग घरातले कुणी मृताविषयी चार शब्द बोलते. पुष्कळ सोयऱ्यांनी बायबलमधले शब्द पहिल्यांदा ऐकले ते अशाच वेळी, हातात मातीची मूठ धरून.