तंबोऱ्याचं दुखणं आम्हाला असं सांगा

(मिरजेतल्या आमच्या दुकानाचं ग्राहकांसाठी माहितीपत्रक. नवीन तंबोरे, सतारी, जवारी (तारांचा आवाज खुलवायचं काम) आणि दुरुस्ती.)

फोन येतो, "चाचा, तंबोरा बिघडलाय." काय झालंय, असं आम्ही विचारतो. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "म्हणजे... पूर्वीसारखा वाजत नाही."

इतक्यावर आम्हाला काही कळत नाही. मग तंबोरा कापडात गुंडाळून, एसटीच्या मागच्या सीटवर आडवा घालून मिरजेला येतो आणि बऱ्याचदा दहा मिनिटांत नीट होतो. मागे साताऱ्याच्या एका गाणाऱ्या बाई अशाच आल्या. म्हणाल्या, "पत्र्यासारखा कोकलतोय नुसता, घोडी बदलून द्या." घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात तो हाडाचा किंवा लाकडाचा तुकडा, ठणठणीत होती. घरी तार बदलताना घोडीवर तिच्याखाली घातलेला बारीक दोरा निघून गेला होता आणि नवी तार तशीच चढवली होती. आम्ही दोरा घातला, बाईंनी स्वर लावला, काम संपलं. साताऱ्याहून येण्याजाण्यात त्यांचा दिवस मोडला. फोनवर "तार बदलल्यापासून असं होतंय" एवढं वाक्य आलं असतं तरी तो वाचला असता. हे पत्रक त्यासाठीच काढलंय.

तुमचे शब्द, आमचे अर्थ

गाणारे-वाजवणारे वाद्याबद्दल ज्या शब्दांत बोलतात ते आम्हाला आवडतात, पण प्रत्येकाचा शब्द वेगळा असतो. तेव्हा आम्ही कशाचा काय अर्थ लावतो ते सांगून ठेवतो.

"किरकिरतो", "पत्र्यासारखा वाजतो" असं कुणी म्हणालं की पहिला संशय दोऱ्यावर. दोरा निघालाय, झिजलाय किंवा भलत्या जागी सरकलाय. दोरा जागेवर असूनही एकच तार किरकिरत असेल तर बोट ठेवून बघा: नक्षीची एखादी पट्टी सुटलीय का, घोडीमागे तारेत ओवलेला मणी थरथरतोय का, खुंटीजवळ तारेचं सुटलेलं टोक कशाला लागतंय का. जवारी बिघडली म्हणून आलेल्या एका तंबोऱ्याच्या भोपळ्यात आम्हाला शर्टाचं बटण सापडलं होतं.

"बसलाय", "मुका झालाय" म्हणजे बहुतेक घोडीला तारांच्या खाचा पडल्या आहेत. पोलादी तार वर्षानुवर्षं एकाच जागी घासली की हाडालाही चर पडते. तार त्या चरीत रुतते आणि मोकळी थरथरत नाही. ही तक्रार आली की जवारी करावीच लागते, दोऱ्याने भागत नाही.

"आस राहत नाही", म्हणजे स्वर सुरू होतो आणि लगेच विझतो, हे जरा काळजीचं. तारा जुन्या असतील तर त्या बदलून बघा. तरीही तसंच असेल तर तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) घोडीखाली दबलीय का, गळ्याचा, म्हणजे भोपळा आणि दांडी जोडणाऱ्या भागाचा, सांधा उघडलाय का, हे आम्हाला डोळ्यांनी बघावं लागतं. तो तंबोरा आणाच.

"स्वरात राहत नाही" याचं उत्तर निम्म्या वेळा खुंटीत असतं. खुंटी नुसती फिरवू नका, फिरवताना आत दाबा. घसरत असेल तर शाळेतला साधा खडू घासा. पावसाळ्यात फुगून अडकली तर पकड लावू नका आणि तेल तर अजिबात नको. तेल प्यायलेली खुंटी पुन्हा कधी धरत नाही. आणि बारीक फरक खुंटीने काढत बसू नका, त्याला मणी आहे. तारदानाकडे, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिकडे, सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो.

शब्द सापडत नसतील तर फोनवर आवाज भरून पाठवा. फोन घोडीपासून हातभर लांब ठेवा. एकेक तार छेडा आणि ती पूर्ण विझेपर्यंत थांबा, मग चारही एकत्र वाजवा. पंखा बंद ठेवा. त्याबरोबर घोडीचा एक फोटो, बाजूने, टॉर्चचा तिरका उजेड पाडून. चरी असतील तर त्या उजेडात सावली पडून स्पष्ट दिसतात.

जवारी म्हणजे आम्ही नक्की काय करतो

तंबोऱ्याची घोडी इतर वाद्यांसारखी धारदार नसते, चांगली रुंद असते. वरून सपाट दिसते, पण खुंट्यांकडच्या बाजूला तिला अगदी केसभर उतार दिलेला असतो. तार थरथरताना त्या उताराला पुन्हा पुन्हा हलकेच टेकते, सुटते, टेकते. त्यातून एका तारेत दडलेले बाकीचे स्वर एकामागून एक उमलत जातात. खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची तार, चांगला लागला की त्यातून गंधार ऐकू येतो तो यामुळेच. पंचमाच्या तारेतून रिषभ आणि निषादही निघतात, पण ते ऐकायला जवारी चांगली लागते आणि कानही.

यात एक गंमत आहे. तार बरोबर मध्यावर छेडली तर शास्त्राच्या नियमाने तिच्यातला वरचा षड्ज ऐकू येता कामा नये. तंबोऱ्यात तो येतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर लेख लिहिला आणि हे या घोडीचं काम आहे असं दाखवून दिलं. आमच्या आजोबांना रामन माहीत नव्हते, पण कानस कुठे थांबवायची ते माहीत होतं.

काम दिसायला काहीच नाही. तारा सैल करायच्या, घोडी काढायची, चरी जाईपर्यंत घासायची, मग उतार द्यायचा. कानशीचे चार हात, घोडी परत जागेवर, तारा चढवायच्या, स्वर लावायचा, ऐकायचं. पंचम बोलला पण जोडीतली, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारांतली, एक तार कोरी राहिली. पुन्हा तारा सैल. पुन्हा दोन हात, तेही फक्त त्या तारेच्या पट्ट्यात. हाडाची घोडी घासताना जळक्या केसांसारखा वास येतो आणि मांडीवर पांढरी पूड साचते. एक हात जास्त चालला की उतार गेला, पुन्हा पहिल्यापासून. सकाळी बसलेला माणूस कधी तासाभरात उठतो, कधी जेवायलाही उठत नाही. म्हणून "जवारीला किती वेळ लागेल" याचं उत्तर आम्ही देत नाही, आणि दुसऱ्या कुणी छातीठोक दिलं तर जरा जपून.

शेवटची किल्ली दोरा. कुणी त्याला सूत म्हणतं, कुणी जीव. तो घोडीवर तारेखाली मागेपुढे सरकवत न्यायचा. एका जागी तार अचानक उघडते, खोलीत कुणी दिवा लावावा तशी. तिथेच थांबायचं. पट्टी, म्हणजे तुमचा गाण्याचा षड्ज, थोडी बदलली की ती जागाही बदलते, म्हणून हे तुम्हाला स्वतःला यायलाच हवं. दुकानात या, आम्ही फुकट शिकवतो. मात्र घोडीला घरी पॉलिश पेपर लावू नका. हात जोडून सांगतो.

नवीन घेताना पट्टी आधी, नक्षी नंतर

लोक आधी रंग आणि नक्षी बघतात. आम्ही आधी विचारतो, गाता कुठल्या पट्टीत?

कारण साधं आहे. तीच तार एक अख्खा स्वर वर चढवली की तिच्यावरचा ताण सुमारे सव्वापट होतो. पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला, म्हणजे काळी एकला, लावलेली तार काळी चारपर्यंत ताणायला गेलात तर ताण सव्वादोनपट होतो. अर्थात तोवर ती तुटलेलीच असते. म्हणून पुरुषी तंबोरा मोठा, साधारण साडेचार-पाच फूट, आणि त्याच्या पंचमाला आणि खर्जाला पितळी तारा. बायकांचा तंबोरा चार फुटांच्या आसपास, खर्जाची तार तेवढी पितळी, बाकीच्या पोलादी. तारेच्या नंबरात एक फसगत आहे: गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. "जरा जाड द्या" म्हणत मोठा नंबर घेऊन जाणारे आठवड्याला एक तरी भेटतात.

पट्टी सांगताना ती पेटीवरची की फोनच्या ट्यूनरवरची हेही सांगा. घरातली जुनी पेटी थोडी चढी किंवा उतरलेली असू शकते. आणि मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल तर तिच्या आजच्या पट्टीवर मोठा खर्च करू नका. आमचा धंदा बुडाला तरी चालेल, तानपुरीवर, म्हणजे छोट्या तंबोऱ्यावर, दोन वर्षं काढा. मुलगा असेल तर आवाज फुटेपर्यंत थांबाच.

भोपळा हा खायच्या भोपळ्याचा नाही, कडू भोपळ्याचा असतो. तो भीमेच्या काठाने, पंढरपूरकडून येतो. वेलीवरच त्याला सारखा आकार यावा म्हणून शेतकरी त्याला जपतो, मग तो महिनोन्‌महिने वाळतो. लाकूड तुणीचं: हलकं आणि बोलकं. पोपटी-सोनेरी नक्षीने आवाजात काहीही फरक पडत नाही. हवी असेल तर हौसेने करून देतो, पण आवाजासाठी म्हणून तिचे पैसे मोजू नका.

सांबरशिंगाची घोडी आम्ही करत नाही. त्याचा व्यापार कायद्याने बंद आहे, तेव्हा विचारू नका आणि "माझ्याकडे जुनं शिंग आहे" असं म्हणून आणूही नका. उंटाचं हाड, शिसवी किंवा फायबर यातून निवडा. हाडाचा आवाज आम्हाला स्वतःला जास्त गोड वाटतो. फायबर टिकतं जास्त. रोज चार तास रियाज असेल तर आम्हीच फायबर सुचवू.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहेच. शिकलगारांनी, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांनी, एकोणिसाव्या शतकात इथे हे काम सुरू केलं. कानस तेव्हाही हातात होतीच. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, इथेच दफन झाले, आणि त्यांच्या आठवणीत दर्ग्यात अजून गाणं होतं. पण "मिरजेचा" एवढ्या शब्दावर कुणाकडूनही, आमच्याकडूनही, तंबोरा घेऊ नका. मांडीवर घ्या, कान गळ्याला लावा आणि आपल्या पट्टीत गाऊन बघा.

सतारीबद्दल थोडक्यात

सतार मागवताना खरज-पंचमाची की गंधार-पंचमाची, हे तुमच्या गुरूंना विचारून कळवा. दोन्हींची तारांची मांडणी वेगळी असते, नंतर बदलता येत नाही असं नाही, पण मनासारखी होत नाही. जवारी खुली (झणझणीत) हवी की बंद (आटोपशीर), तेही सांगा. "मधली" म्हणालात तर ठीक, बहुतेक सगळे तेच म्हणतात.

प्रवास, पाऊस आणि पूर

प्रवासाला निघताना तारा दोन-तीन स्वर उतरवा, पूर्ण सोडू नका. पूर्ण सोडल्या की घोडी जागेवरून हलते. तारा बदलतानाही एकेक बदला, त्याच कारणाने. पार्सलमध्ये भोपळ्याखाली थर्माकोलऐवजी जुनी गोधडी घाला. "वर" असा बाण काढून फार उपयोग होत नाही. आमचा एक तंबोरा बाणासकट उलटा पोचला होता, भोपळ्याला तीन तडे घेऊन.

एसी हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर तासभर आधी तंबोरा तिथे उघडून ठेवा. गाडीतून काढून थेट स्टेजवर नेलात तर पहिला अर्धा तास खुंट्याच पिळत बसाल, आणि बुवा डोळे वटारतील ते तुमच्यावर, हवेवर नाही.

२०१९ च्या पुरानंतर सांगलीतून आमच्याकडे भिजलेले तंबोरे आले. काहींचा गळा भोपळ्यापासून सुटला होता. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येत होता, पण आम्हाला ते बरंच वाटलं. सांधा सरसाचा असतो आणि सरस पाण्यात विरघळतो, म्हणून तुकडे न होता सांधा स्वच्छ सुटला. असे तंबोरे पुन्हा जोडता आले. जे वाया गेले ते घाईने उन्हात वाळवलेले. तबली पापडासारखी वळली होती. तेव्हा देव करो आणि वेळ न येवो, पण आली तर तंबोरा सावलीत, वाऱ्यावर, उभा ठेवा, तारा सैल करा आणि आम्हाला फोन करा. सुटलेला एकही तुकडा फेकू नका.

आणि ते यंत्र

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याबद्दल आमचं मत लोक मुद्दाम विचारतात, आम्ही चिडू असं वाटून. आम्ही चिडत नाही. पहाटेच्या रियाजाला, फ्लॅटमध्ये, एकट्या माणसाला ते सोयीचं आहे. फक्त मुलांना आठवड्यातून एकदा तरी खरा तंबोरा स्वतः लावायला द्या. यंत्राने स्वर लावलेला असतो, तो लावायला शिकवत नाही.

दुकान शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत बंद असतं. जवारीचं काम फक्त सकाळी घेतो. दुपारनंतर गल्लीत रिक्षांचा आवाज वाढतो आणि कान लागत नाही. येताना जो गाणार आहे त्यालाच बरोबर आणा. "भाऊ आणून देईल" असं करू नका. भावाच्या पट्टीत लावलेली जवारी तुम्हाला उपयोगी पडणार नाही.